निम्म्या जाळीवरची पट्टी

चिकटपट्टीचं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. विसरावंसं मात्र वाटतं, कारण त्यात मी काही फार शहाणा ठरलो नव्हतो.

निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात पनवेल तालुक्यातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. आपटा गावाच्या बाजूला एका बिल्डरची खासगी धावपट्टी आणि दोन आसनांचं विमान होतं. एका सकाळी त्याच्या मॅनेजरचा फोन आला. इंजिनाचं तेल गार करणाऱ्या जाळीवर कुणीतरी चंदेरी पट्टी चिकटवून वारा अडवला होता. "साहेब, इंजिन तापून मालक वरच गेले असते," तो म्हणाला.

संशय मेकॅनिकवर होता. पन्नाशीचा, जासईचा माणूस. आधी मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं बघायचा. आठवड्यापूर्वी मालकाने त्याला चारचौघांत झापलं होतं. म्हणजे हेतूही आयता मिळाला. स्टेशन डायरीत नोंद करून भर दुपारी आम्ही त्याला घरून जीपमध्ये बसवून आणलं. सगळं गाव बघत होतं.

"पट्टी कुणी लावली?"

"मीच."

इतक्या सहज कबूल करणारा माणूस निर्ढावलेलाच असतो, असं माझं पक्कं मत होतं. मी आवाज चढवला. तो मात्र शांतपणे सांगू लागला.

"थंडीत वर त्याल तापतच नाय, साहेब. त्याल तापला नाय तं इंजिनात वाफेचा साचलेला पानी उडत नाय, आतून गंज धरतो. म्हनून निम्मीच जाली झाकली."

"इंजिन गार राहिलं म्हणून बिघडतं? मला शिकवतोस?"

"तुमची जीप कवा लांब जाते का?"

जात नव्हती. ठाणं ते कोर्ट, कोर्ट ते ठाणं; इंजिन नीट तापायच्या आतच बंद. त्याने आवारात बॉनेट उघडायला लावलं आणि तेलाचं झाकण फिरवून माझ्यापुढे धरलं. आत सायीसारखा पांढरट, चिकट थर होता. आमचा ड्रायव्हर दुसरीकडे बघू लागला.

"ह्यो त्यालातला पानी. इमानाला पन आसाच व्हता. पट्टी लावल्यापासून नाय."

आम्ही धावपट्टीवर गेलो. विमानाच्या तेलाचं झाकण आतून स्वच्छ होतं. उड्डाणाच्या वहीत पट्टीआधी तेलाचं तापमान रोज कमी, नंतर अगदी हवं तेवढं. आकडे विमान स्वतः उडवणाऱ्या मालकाच्याच हातचे होते. लिहायचा, पण वाचत नव्हता. बाहेरच्या एका परवानाधारक अभियंत्यानेही लेखी दिलं, की थंडीत अशी पट्टी लावतात; फक्त वहीत तशी नोंद करावी आणि ऊन वाढलं की ती काढावी. मेकॅनिकने नोंद केली नव्हती. "इचारला आसता तं मालक नाय म्हनला आसता," एवढंच त्याचं म्हणणं. ती त्याची चूक होती, गुन्हा नव्हता.

तक्रार निकाली काढली. म्हटलं, "तुम्ही घरी जाऊ शकता." तो उठेना.

"नेताना समद्या गावानं बघितला, साहेब. सोडताना पन बघू द्या."

मी वर्दीतच त्याला सोडायला गेलो. त्याच्या ओटीवर चहा घेतला, जमलेल्या लोकांना सांगितलं की या माणसाचा काही दोष नाही. त्याच्या बायकोने कप पुढे ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला लाज वाटली. 'पट्टी का लावली?' एवढंच तर विचारायचं होतं. ते मी त्याला न्यायला आलो तेव्हाच, याच ओटीवर बसून विचारू शकलो असतो.