नागपूरचा फॉर्म

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून मला सहा वर्षं झाली होती. एके दिवशी मेट्रनबाईंनी ऑफिसात बोलावलं आणि दोन फॉर्म पुढे केले. एक मुंबईचा, नर्सिंगच्या दोन वर्षांच्या बी.एस्सी.चा. दुसरा नागपूरचा, पब्लिक हेल्थ नर्सिंगच्या दहा महिन्यांच्या डिप्लोमाचा. पगारी रजा एकाच कोर्ससाठी मिळणार होती.

"मुंबईचाच भर," त्या म्हणाल्या. "नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होशील. नागपूरचा आलाय म्हणून दाखवला. खेडोपाडी पायपीट करायला तू कशाला हवीस?"

घरी वडिलांना तर विचारायचीही गरज नव्हती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते कोळशाच्या कामावर होते. रोज अंगावरची काजळी धुऊन झाली की आम्हा भावंडांची पुस्तकं उघडायला लावायचे. "आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट," एवढंच म्हणाले आणि नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत चार घरी सांगूनही आले. मलाही फळ्यासमोर उभं राहायची हौस होतीच. फॉर्म भरायला महिनाभर मुदत होती, म्हणून मुंबईचा तेवढा घेऊन ट्रंकेत ठेवला.

तेवढ्यात पेठ तालुक्याच्या डोंगराळ भागात एका आरोग्य केंद्रात माझी तीन आठवड्यांसाठी बदली झाली. तिथली सिस्टर रजेवर होती. केंद्रात डॉक्टर एकच. शिवाय एक वयस्कर नर्सबाई होत्या, नववी शिकून बाळंतपणाचं ट्रेनिंग घेतलेल्या. पाड्यांवरच्या बायका माझ्याकडे यायच्याच नाहीत, त्यांच्याकडे जायच्या. मला ते थोडं लागायचं.

एका दुपारी पाड्यावरची एक बाई बाळंत झाली. मूल रडलं, वार पडली, सगळं नीट झालं असं वाटलं. पण रक्त थांबेना. दवाखान्यात मी कितीतरी बाळंतपणं केली होती, पण तिथे हाकेच्या अंतरावर डॉक्टर असायचे.

"डॉक्टरांना बोलवा," मी म्हणाले.

"साहेब मीटिंगला नाशिकला. उद्या येतील." नर्सबाईंनी माझा हात धरून त्या बाईच्या ओटीपोटावर ठेवला. "चोळा. जोरात. पिशवी दगडावानी झाली पायजे."

मी चोळू लागले. पिशवी आवळावी म्हणून त्यांनी नळी घालून लघवी काढली, बाळ आईच्या छातीशी लावलं, आणि इंजेक्शन भरायला घेतलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टरांची ऑर्डर नाही ना लिहिलेली!"

त्यांनी माझ्याकडे न बघताच ते टोचलं. "ऑर्डर नंतर लिवू. बाई ऱ्हायली पायजे."

थोड्या वेळाने माझ्या तळव्याखाली गर्भाशय आवळलं. रक्त कमी झालं. त्या बाईने पाणी मागितलं.

हात धुताना मी विचारलं, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटती की. सुरवातीला एका पोरीच्या टायमाला मी तालुक्याच्या जीपची वाट बघत बसले व्हते. जीप आली, पण पोरगी नाय ऱ्हायली." मग साबण माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "तुमी तर लय शिकल्याल्या. तुमाला शिकवलं असंल की हे."

शिकवलं होतं. परीक्षेत मी ते उत्तर लिहिलंही होतं. डॉक्टर नसताना ते करायचं असतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

नाशिकला परतल्यावर मी नागपूरचा फॉर्म मागितला. मेट्रनबाईंनी सही केली. पण नंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलल्या. वडिलांना सांगणं त्याहून अवघड गेलं. त्यांनी जेवण अर्धवट टाकलं.

"डिग्री नाही मिळणार त्यात?"

"नाही, बाबा."

"मग काय मिळणार?"

मी त्या दुपारची हकिकत सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तुला पटलंय ना? मग जा. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो."

माझ्याबरोबरच्या एका मैत्रिणीने मुंबईचा फॉर्म भरला. पुढे ती नर्सिंग कॉलेजात प्राचार्य झाली. तिच्या नावाची पाटी बघितली तेव्हा तिथे माझं नाव असतं असं मनात आलं, हे लपवत नाही.

डिप्लोमानंतर मला त्याच डोंगराळ भागात नेमणूक मिळाली. पहिल्याच पावसाळ्यानंतर वडील न कळवता एस.टी.ने आले. ओपीडीला गर्दी होती, म्हणून ते बाकावर बसून राहिले. शेजारच्या म्हातारीने त्यांना काय होतंय म्हणून विचारलं. ते म्हणाले, मला काही होत नाही, सिस्टर माझी मुलगी आहे. म्हातारीने उठून त्यांना भिंतीकडची, टेकायची जागा दिली. मी मोकळी होईपर्यंत दोघं भातपिकाविषयी बोलत बसले होते.