पिंपळ बघायला लंकेला

ओळखीपाळखीत कुणी श्रीलंकेला निघालं की अजूनही मला फोन येतो. काय बघायचं, काय सोडायचं, बरोबर काय घ्यायचं. मी सरळ सांगते. कँडीचं बुद्धांच्या दंतधातूचं मंदिर संध्याकाळच्या पूजेला गाठा, तेव्हा ढोल वाजतात. दांबुल्लाची लेणी सकाळी करा, दुपारी खडक तापतो आणि चपला तर बाहेरच काढाव्या लागतात; जाड मोजे घ्या. सिगिरियाचा सुळका गुडघे दुखत असतील तर खालूनच बघावा. पेरादेनियाच्या बागेतले बांबू चुकवू नका. समुद्र शेवटी ठेवा, म्हणजे ओले कपडे घेऊन गावोगाव फिरावं लागत नाही. हे सगळं मी एका दमात सांगते. अनुराधपूरपाशी आले की मात्र माझा वेग कमी होतो.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. नट-बोल्टपासून हातमोज्यांपर्यंत काय आलं, काय गेलं, कुठल्या फळीवर आहे, हे लिहून ठेवणं माझं काम. घरीही तीच सवय, त्यामुळे आमच्या विहारातल्या मंडळींनी लंकेची सहल ठरवली तेव्हा पासपोर्टपासून पापडापर्यंत सगळा कारभार आपोआप माझ्याकडे आला. मद्रासपर्यंत रेल्वे, तिथून विमान. आमच्यापैकी कुणीही विमानात बसलेलं नव्हतं. मी तर नाहीच.

वडील गेल्यापासून आई आमच्याकडे, अंबरनाथ पूर्वेला राहायची. तिला साखरेचा आजार होता आणि तो डोळ्यांत उतरला होता. बदलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दिसतंय तोवर त्यांना जे बघायचं ते बघून घेऊ द्या. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही." आईला हे मी सांगितलं नव्हतं, पण तिनं ओळखलं असावं. एरवी खर्चाला नाही म्हणणारी ती, सहलीचं ऐकल्यावर लगेच म्हणाली, "माझं नाव घाल."

तिला एकच गोष्ट बघायची होती. ज्या झाडाखाली बुद्धांना ज्ञान झालं, त्याची फांदी फार पूर्वी लंकेत नेऊन लावली, ती अनुराधपूरला अजून जिवंत आहे, हे तिनं तरुणपणी, दीक्षेनंतरच्या दिवसांत वस्तीतल्या एका प्रवचनात ऐकलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते झाड.

आमच्या सहलीचे म्होरके म्हणजे बदलापूरचे एक निवृत्त गुरुजी. बायकोला घेऊन येणार होते. त्यांना आईची थट्टा करायची फार हौस. "अहो आक्का, पिंपळच तो. जांभूळ गावच्या रस्त्याला असे पन्नास दाखवतो तुम्हाला, रिक्षाभाड्यात."

"ते तुम्ही बघा," आई म्हणाली. "तुम्हाला तेवढंच झेपतंय."

माझी काळजी वेगळी होती. तिकडे उत्तरेला लढाई चालू होती. पेपरात रोज काहीतरी असायचं, आणि नकाशात पाहिलं तर अनुराधपूर त्या बाजूलाच. सहलीच्या छापील कागदावर सगळ्या ठिकाणांपुढे वार होते, अनुराधपूरपुढे मात्र 'परिस्थिती पाहून'. मी ते आईला वाचून दाखवलं, उगाच तिथं जाऊन निराश व्हायला नको.

"म्हणजे नाहीच दाखवलं तर?"

"तर मग कँडी आहे, हत्ती आहेत, समुद्र आहे."

"मी हत्ती बघायला चाललेय का?" एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. मला मात्र त्या दिवसापासून नीट झोप नाही.

दुसरी काळजी माणसं हरवण्याची. आधीच्या एका सहलीत बोधगयेच्या गर्दीत आमच्यातल्या एक मावशी चुकल्या होत्या, त्या सापडेपर्यंत सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. म्हणून मी सुचवलं, प्रत्येकाच्या खांद्याला एकसारखी शबनम पिशवी असावी, लांबून ओळखू येईल अशी. सगळ्यांना पटलं. गुरुजी म्हणाले, "त्यावर भगवंतांचं चित्र छापा. आपण कोण ते न सांगता कळेल." तेही सगळ्यांना पटलं. उल्हासनगरला कॅम्पात एक सिंधी गृहस्थ कापडावर छपाई करून द्यायचे, त्यांच्याकडे गेले. पांढरं कापड, निळा काठ, मधोमध ध्यानस्थ बुद्ध आणि खाली 'अंबरनाथ पूर्व'.

"रंग जाणार नाही ना?" मी विचारलं.

"बहेनजी, पिशवी फाटेल, भगवान नाही जाणार," ते म्हणाले. "गॅरंटी."

पिशव्या सुरेख झाल्या. विहारात त्यांचं वाटप झालं तेव्हा आईनं तिची पिशवी कपाळाला लावली.

कोलंबोत उतरल्यापासून माझा जीव टांगणीला होता. रस्त्यारस्त्याला वाळूची पोती आणि बंदुका. आमचा वाटाड्या हसऱ्या चेहऱ्याचा, हळू आवाजात इंग्रजी बोलणारा माणूस. रोज सकाळी मी त्याला एकच प्रश्न विचारायची, "अनुराधपूर?" आणि तो रोज म्हणायचा, "उद्या सांगतो." कँडीत मंदिराबाहेर आम्ही चपलांशेजारी पिशव्या ठेवल्या, तर तिथल्या म्हाताऱ्या राखणदारानं त्या एकेक उचलून वर खुंटीला टांगल्या. मला वाटलं, काय सेवाभावी माणूस! रांगेतल्या बायका पिशव्यांकडे बघायच्या, आपापसांत कुजबुजायच्या. आम्ही हसून मान डोलवायचो. त्यांना चित्र आवडलंय असा आमचा समज.

दांबुल्लाला वाटाड्यानं सांगितलं, रस्ता उघडा आहे, दुपारपर्यंत अनुराधपूरला पोचू. मात्र अंधार पडायच्या आत परत फिरावं लागेल आणि झाडापाशी परक्या गटांना संध्याकाळनंतर सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या वाटेला लागणार होतो. म्हणजे आजच. आईनं पेटीतून नवीन पांढरं लुगडं काढून मांडीवर घेतलं, तिथं पोचल्यावर नेसायला.

अनुराधपूरच्या अलीकडे एका चौकीवर बस थांबवली. हे आता नेहमीचं झालं होतं. एक पोलीस अधिकारी वर चढला, पासपोर्ट बघत मागं जाऊ लागला आणि मधेच थबकला. त्याची नजर खाली होती. बसमध्ये जागा कमी, त्यामुळे सगळ्यांनी पिशव्या पायांशी ठेवल्या होत्या. गुरुजींनी तर पाय लांब करून टाचा पिशवीवर टेकवल्या होत्या.

त्यानं इंग्रजीत विचारलं, "हे काय?"

"आमच्या पिशव्या," गुरुजी उत्साहानं म्हणाले. "बुद्ध!"

"ते मला दिसतं आहे. पायाखाली?"

वाटाड्याचा चेहरा उतरला. मग त्यानं हळू आवाजात आम्हाला समजावलं की इथं बुद्धांचं चित्र अंगावरच्या कपड्यावर, पिशवीवर वागवत नाहीत, कमरेखाली येऊ देत नाहीत. पायाशी तर नाहीच. पोलिसात तक्रार होऊ शकते. पहिल्या दिवसापासून त्याला सांगायचं होतं, पण आम्ही इतक्या प्रेमानं त्या मिरवत होतो की त्याची जीभ रेटेना.

गुरुजी उभे राहिले. "साहेब, आम्हीही बौद्धच आहोत!"

"मग तर जास्तच वाईट," अधिकारी म्हणाला.

आमच्या घरांत बुद्ध भिंतीवर असतात, कॅलेंडरवर असतात, चावीच्या साखळीत असतात. जवळ असावेत म्हणूनच तर असतात. पण हे त्याला कसं सांगणार, आणि त्यानं तरी का ऐकावं?

त्यानं सगळ्यांना खाली उतरवलं. पिशव्या हातात उंच धरून आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. ऊन कलायला लागलं होतं. मी मनात पुढचं सगळं मांडत होते: चौकशी होईल, पासपोर्ट काढून घेतील, विमान चुकेल. या सगळ्याच्या खाली एकच गोष्ट ठणकत होती, की झाड इथून जवळ आहे आणि आईचे डोळे पुढच्या वर्षी नसतील.

अधिकारी म्हणाला, त्या पिशव्या घेऊन पुढं जाता येणार नाही. मी म्हटलं, "मग तुमच्याकडे ठेवून घ्या."

तो गडबडला. "मी कुठं ठेवू? इथं?" चौकीत बूट होते, बंदुका होत्या, जेवणाचे डबे होते. मी विचारलं, टाकून देऊ का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी आणखी उंच धरली. टाकता येत नव्हत्या, ठेवता येत नव्हत्या, नेता येत नव्हत्या. त्यालाही काय करावं ते कळत नव्हतं आणि वेळ चालला होता.

"काय म्हणतोय तो?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. ती म्हणाली, "चुकलंच की मग आपलं. एवढा काय वाद घालताय?" बसमध्ये जाऊन ती ते नवीन लुगडं घेऊन आली, घडी मोडून पसरलं आणि मला म्हणाली, "रिकाम्या कर सगळ्या. चित्र वर."

"आई, तुला नेसायचं होतं ना ते?"

"कर गं लवकर. सूर्य थांबणारे का तुझ्यासाठी?"

आम्ही पिशव्या रिकाम्या केल्या. औषधं, चष्मे, पासपोर्ट, चिवडा, कुणाचे दात, सगळं आईच्या सोलापुरी चादरीत. कुठली गोळी कुणाची हे मला आता कधीच कळणार नव्हतं. पिशव्या एकावर एक, चित्र वर करून लुगड्यात ठेवल्या. आईनं ती चळत दोन्ही हातांवर घेतली आणि अधिकाऱ्यासमोर धरली. मग त्यानं टोपी काढली, चळतीला हात लावून कपाळाला लावला आणि ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीवर, दिव्यांच्या माळेतल्या बुद्धमूर्तीशेजारी त्या गेल्या. आम्हाला सोडलं.

पोचलो तेव्हा उजेड पिवळा झाला होता. फाटकाशी झडती. बायकांच्या बाजूला उभी असलेली शिपाईण आमचं चादरीचं गाठोडं बघून मान हलवायला लागली. आत नेता येणार नाही. बस लांब उभी, आणि फाटक थोड्याच वेळात आमच्यासारख्यांना बंद होणार. गाठोड्यात सगळ्यांचे पासपोर्ट होते.

"तुम्ही जा," मी गुरुजींच्या बायकोला म्हटलं. "आईला हाताला धरून न्या. पायऱ्या आहेत. उतरताना कठडा धरायला लावा."

मी भिंतीपाशी गाठोड्यावर हात ठेवून बसले. आई विटक्या, प्रवासात चुरगळलेल्या लुगड्यात वर चढत गेली. सगळ्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांत ती तेवढी हिरवी दिसत होती, त्यामुळे मला बराच वेळ ओळखता आली. मग दिसेनाशी झाली. वर कुणीतरी त्रिसरण म्हणत होतं. शब्द आपलेच, चाल वेगळी. मी प्रत्येक ओळीला दचकत होते. तिला अंधारात पायरी दिसेल का? झाड तरी दिसेल? उंच चौथऱ्यावर आहे, सोनेरी कठड्याच्या आत, असं वाटाड्या म्हणाला होता. लांबून तिला नुसतं हिरवं धूसर दिसलं तर?

ती परत आली ती एकटीच, कठडा धरून. माझ्याशेजारी धपकन बसली.

"दिसलं?" मी विचारलं.

"म्हातारं झालंय गं ते फार," ती म्हणाली. "फांद्यांना काठ्या लावल्यात. सोन्याच्या. एक फांदी अशी, एक इकडं कलंडलेली." तिनं हातानं कोन करून दाखवले. "पानं मात्र कोवळी आहेत. शेंड्याला लालसर."

शेंड्याची पालवीसुद्धा! मला रडू यायला लागलं, पण वेळ नव्हता.

"जा आता तू," ती म्हणाली. "बसते मी इथं."

"तुला एकटीला सोडून?"

"मी काय पळून चाललेय गाठोडं घेऊन? जा, बंद करतील."

मी धावत गेले. शिपायानं घड्याळाकडे बोट दाखवलं, तरी सोडलं. वर गर्दी होती, फुलांचा वास होता, आणि कठड्यापलीकडे झाड होतं. मी हात जोडले. डोळे झाडावर होते, पण मन खाली: आई एकटी, गोळीची वेळ टळलेली, सगळ्यांचे पासपोर्ट तिच्या मांडीपाशी, तिला इथली भाषा येत नाही. मी सोन्याच्या काठ्या बघितल्या. लालसर पालवी शोधत होते तेवढ्यात मागून कुणीतरी पुढे सरकायला सांगितलं. मी तशीच मागं वळले आणि दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खाली आले.

आई जिथं होती तिथंच होती. चादरीचं एक टोक उघडून चिवडा खात होती, आणि शेजारी बसलेल्या एका पांढऱ्या कपड्यातल्या म्हातारीच्या ओंजळीतही तिनं थोडा घातला होता.

"एवढ्यात आलीस?" ती म्हणाली. "नीट बघितलंस तरी का?"