काळ्या रिंगा

कारखान्याचं स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मागून ‘शंकाताई’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. व्हॉल्व्हमधून रसायन गळू नये म्हणून बसवतात त्या रबरी रिंगा त्यांच्या ताब्यात. ॲसिडच्या लाइनला एक रबर, ॲसिटोनच्या लाइनला दुसरं. ॲसिडला पुरून उरणारी रिंग ॲसिटोनमध्ये पावासारखी फुगते, आणि दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या कुळकुळीत. अशाच चुकीच्या रिंगेपायी पूर्वी एका फिटरचा डोळा गेला होता. तेव्हापासून बाईंचा पुडक्यावरच्या छापील अक्षरांवरचा भरवसा उडालेला.

त्यात या खेपेचा माल आणला होता त्यांच्या धाकट्या दिरानं. खरेदी खात्यात लागून त्याला जेमतेम सहा महिने झालेले. ॲसिटोनच्या रिंगांसाठी त्यानं नवाच पुरवठादार गाठला होता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

“वहिनी, सर्टिफिकेट जोडलंय की.”

“कागद काय, कुणीही छापतं, भाऊजी.”

“म्हणजे मी खोटा?”

“तसं कुठं म्हटलं मी?”

म्हटलं नव्हतं, पण मनात तेच होतं. शाळेत असताना याच पठ्ठ्यानं प्रगतिपुस्तकावर थोरल्या भावाची सही ठोकली होती.

बाईंनी दोन बरण्यांत ॲसिटोन ओतलं. एकीत नवी रिंग सोडली, दुसरीत ताडून बघायला आपल्या ॲसिटोनच्या खणातली जुनी. बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या, झाकणं घट्ट केली, कपाटाला कुलूप घातलं आणि वर सही केलेली कागदाची पट्टी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, तर एका बरणीतली रिंग टम्म फुगलेली. “सापडला!” बाई पुटपुटल्या. मग चिठ्ठी वाचली. फुगली होती जुनी.

बरण्या बदलल्या कुणी? पण पट्टी तर शाबूत होती. त्यांनी खणातल्या आणखी तीन रिंगा भिजवल्या. दुपारपर्यंत त्याही फुगल्या. म्हणजे ॲसिटोनच्या खणात ॲसिडच्या रिंगा होत्या. गेल्या महिन्यात कपाटांना रंग देताना सगळे खण रिकामे केले होते. दुसऱ्या कुणाला हात लावू न देता त्यांनी स्वतःच ते परत भरले होते. आणि त्यानंतर या खणातल्या रिंगा चार व्हॉल्व्हना गेल्या होत्या.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. “ॲसिटोनची लाइन बंद करा. रिंगा चुकल्यात. चूक माझी आहे.”

लाइन रिकामी करून चारही व्हॉल्व्ह खोलले. तीन व्हॉल्व्हच्या रिंगा फुगून खाचेबाहेर आल्या होत्या. एकाचा दांडा फिरेनासा झाला होता. गळती तेवढी व्हायची राहिली होती.

दीर शेजारीच उभा होता. आता हा टोमणा मारणार, म्हणून बाईंनी मन घट्ट केलं.

“नव्या पुरतील ना, वहिनी? की अजून मागवू?”

हा मनातल्या मनात हसतोय का, म्हणून बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

“पुरतील,” त्या म्हणाल्या. “पण मोजायला तुम्ही या. एकटीनं नको आता.”