दाजींची आखाजी आणि आफ्रिकेचं फळ

माझ्या विज्ञानामुळे आजवर जगात फक्त एका माणसाचं पोट बिघडलं आहे, आणि तो माणूस आमचा जावई आहे.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करत होते. आफ्रिकेत एक लाल फळ मिळतं. ते चघळलं की थोडा वेळ आंबट वस्तूही गोड लागते. ही करामत त्यातल्या एका प्रथिनाची. त्याचं जनुक जिवाणूंत घालून त्यांच्याकडून ते प्रथिन बनवून घ्यायचं, हे माझं काम. जिवाणू बनवायचेही, पण असं वेडंवाकडं गुंडाळून की गुण शून्य!

"म्हंजे चादर धुतली, पण घडी न घालता बोळा करून फेकली," आई म्हणाली. (माझ्या प्रबंधाचा इतका अचूक सारांश आमच्या सरांनाही जमला नव्हता.)

आखाजीच्या, म्हणजे आम्हा खानदेशी लोकांच्या अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सरांनी मला थर्मासात बर्फावर ठेवलेली खरी चार फळं दिली. "दोन वर्षं ज्याच्या मागे आहेस, ते एकदा चाखून तरी बघ!"

सणाच्या सकाळी मी घरीच प्रयोग मांडला. आई, आबा आणि मी एकेक फळ चघळलं आणि लिंबू चोखलं.

"आवं माय! हे तर मोसंबी शे!" आई किंचाळली.

आबांनी दुसरं लिंबू सालीसकट खाल्लं आणि त्यांचे डोळे भरून आले. "पोरीने नाव काढलं!" मग एकदम दचकले. "अरे, आंबे आणायचे राहिले!"

लग्नानंतरची ताईची पहिली आखाजी. ती आणि दाजी तासाभरात जेवायला येणार. आमरस कसा होता, हे नंदुरबारला त्यांच्या आईला वाटीनिशी कळणार! मी आणि आबा बाजारात धावलो.

पहिल्याच गाडीवर आबांनी फोड तोंडात टाकली. "मध!"

गाडीवाला बिचारा प्रामाणिक. "काका, आ तो खाटी छे! अथाणानी केरी छे!"

पिकून पिवळे झालेले आंबे, आणि म्हणे लोणच्याचे? आबा खवळले. "मने शिखवाडे छे? तू चाख गं!"

मी चाखली. "आबा, अगदी मध!" (ते फळ काय करतं, हे अख्ख्या सुरतेत माझ्याहून जास्त फक्त सरांनाच ठाऊक होतं. तरीही!) गाडीवाल्याने आमच्याकडे दयेने पाहिलं आणि पाच डझन बांधून दिले.

आईने घाईघाईने रस काढला, बोट बुडवून चाखला. "साखर कशाला? साखरेलाच लाज वाटेल!"

दाजी पाटावर बसले. पुरणपोळीचा घास रसात बुडवून तोंडात घातला. आधी उजवा डोळा मिटला, मग डावा. मग कान हलले.

"कसा आहे?" आबांनी विचारलं.

"छा... छान," दाजी म्हणाले. गालावरून पाणी ओघळलं.

"किती हळवे आहेत हो!" आई कुजबुजली आणि तिने दुसरी वाटी ओतली.

इतक्यात ताईने घास घेतला. "आई! हा रस आहे की चिंचेचं पाणी?"

आबांनी चाखून पाहिलं. एव्हाना त्यांची जीभ ताळ्यावर आली होती. त्यांचा चेहरा बघून मी थर्मासकडे पळाले. चौथं फळ!

"दाजी, हे चघळा. बी थुंका. काही विचारू नका."

आमच्या घरात आता याहून वाईट काही मिळणार नाही, अशा खात्रीने त्यांनी ते चघळलं. मग भीतभीत रस चाखला. "अरे वा! हा दुसऱ्या पातेल्यातला का?"

सहा वाट्या! आम्ही हात बांधून बघत राहिलो. थांबवायचं कोणत्या तोंडाने?

जीभ फसली होती, पोट फसलं नाही. दुपारी दाजी खाटेवर वेटोळे होऊन पडले, तेव्हा मी सगळं कबूल केलं. ते इतके हसले की ओरडले, "हसवू नका, दुखतं!" नंदुरबारला मात्र त्यांनी एवढंच कळवलं की रस असा होता, सहा वाट्या खाल्ल्या.

पुढच्या आखाजीला ते स्वतःच आंबे घेऊन आले आणि चाखायला पहिली फोड शेजारच्या काकूंना दिली. मला, घरातल्या एकमेव एम.एस्सी.ला, ताटावर बसण्याआधी सगळ्यांसमोर 'आ' करून दाखवावा लागला!