भुकटीकाका आणि पिवळा उजेड

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भुकटीकाका म्हणत, आणि ते नाव अगदी चपखल होतं. सव्वीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेली. पोरांनी बनवलेली रसायनं वाळवायची, कुपीत भरायची, चिठ्ठी लावायची. पण खडे तसेच भरणं काकांच्या जिवावर यायचं. कुणी न सांगता ते खल घ्यायचे आणि मैद्यासारखं बारीक करूनच कुपी भरायचे. "काकांचं काम म्हणजे बघायला नको!" असं प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले की स्वारी दिवसभर खूश.

मग एक संशोधक मुलगी आली. तिनं एक पदार्थ बनवला. तिच्या बशीत, यूव्ही दिव्याखाली, तो हिरवागार उजळायचा. काकांनी भरलेली कुपी सरांच्या उजेड तपासायच्या यंत्रात गेली, तर पिवळा! तीनदा बनवला, तीनदा पिवळा. "हिरवा कुठे गेला? की मनानंच लिहिलंस?" सर सगळ्यांदेखत बोलले. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

चौथ्या वेळी काकांनी सहज खलावर दिवा धरला. बत्ता फिरला होता तिथे पिवळं, कडेचे खडे हिरवे. पदार्थ घासला की रंग बदलत होता, आणि घासणारे हे स्वतः!

तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं की नाही? छे! सव्वीस वर्षांची अब्रू आडवी आली. बरं, न घोटता द्यावा, तर तो हिरवा निघणार आणि आधी पिवळा का, हे विचारलं जाणार. म्हणून या भल्या माणसानं पुढच्या दोन कुप्याही घोटूनच दिल्या. जाणूनबुजून! तीन आठवडे डबा घशाखाली उतरेना, आरशात बघवेना, पण तोंड काही उघडलं नाही.

शेवटी सरांनी तिला विषय सोडायला सांगितलं. ती टेबल आवरू लागली, तेव्हा कुठे काका खल घेऊन सरांच्या खोलीत शिरले. "सर, चूक माझी आहे. मी घोटतो म्हणून पिवळा होतो."

सरांनी तिथल्या तिथे करून पाहिलं. घासला, पिवळा. द्रावकाची वाफ दिली, परत हिरवा. "अहो काका, चूक कसली, हा शोध आहे शोध!" त्यांनी मुलीची माफी मागितली, काकांची पाठ थोपटली. कधीपासून माहीत होतं, हे कुणी विचारलंच नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं काकांना झालं.

विचारलं ते तिनंच, बाहेर आल्यावर. "काका, कधी लक्षात आलं तुमच्या?"

"आज... आज सकाळीच."

तिचे डोळे भरून आले. "वाटलंच मला. आधी कळलं असतं, तर तुम्ही मला एवढं रडू दिलं नसतंत."

"कसं दिलं असतं," काका म्हणाले, आणि ती जाईपर्यंत त्यांना मान वर करता आली नाही.