इस्माईलभाईंची जपानी गाणी

गेल्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी मी दुबईतल्या हॉटेलच्या काउंटरवर एका मोठ्या ग्रुपचं चेक-इन करत होतो, तेव्हा शबानाचा फोन आला. इस्माईलभाईंची ही मुलगी अल ऐनला शाळेत शिकवते, आणि ते काही दिवसांसाठी तिच्याकडे गेले होते. "अंकल, अब्बा गेले. दुपारची जोहरची नमाज पढून खुर्चीत बसले होते... तसेच गेले." मी हातातले पासपोर्ट शेजारच्या सहकारी मुलीकडे दिले आणि गाडी काढली. दीड तासाच्या त्या सरळसोट रस्त्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी गात होतो. वसईचा एक ख्रिस्ती माणूस एका कोकणी मुसलमानाच्या मातीला निघालाय आणि गातोय काय, तर जपानी गाणी! ऐकलं असतं तर इस्माईलभाई पोट धरून हसले असते.

ते रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. विशीत इकडे आखातात आले आणि अजमानच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ क्रेन चालवली. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचे साहेब होते मोरिता-सान नावाचे जपानी इंजिनियर. हा माणूस दिवसभर कुणाशी बोलायचा नाही, पण जेवणाच्या सुट्टीत कंटेनरच्या ऑफिसात बसून टेपवर एकच कॅसेट ऐकायचा. कंपित, दाटलेल्या गळ्याची गाणी. एकदा इस्माईलभाईंनी विचारलं, "साहेब, हा इतका का रडतो?" मोरिता-सान म्हणाले, "तो रडत नाही. तो बंदरावर उभा आहे. बोट गेली, बाई गेली, काम गेलं. तरी तो उभा आहे." मोरिता-सानची स्वतःची बायको त्यांना सोडून गेलीये, हे फार उशिरा कळलं. या प्रकाराला एन्का म्हणतात. हरलेल्या, घरापासून लांब पडलेल्या माणसांची गाणी. त्या दोघांनी मिळून ती एका वहीत उतरवली : वर जपानी शब्द देवनागरीत, खाली इस्माईलभाईंचं मराठी. त्यातली एक ओळ मला पाठ आहे : 'वारा आज तोंडावर आहे, म्हणून मी पाठ फिरवणार नाही.'

अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते चौथ्या मजल्यावर, आम्ही सातव्या. पंधरा वर्षं लिफ्टमध्ये सलाम आणि 'काय, बरं ना?' एवढीच ओळख. माझ्या एक्कावन्नाव्या वर्षी माझं हॉटेल विकलं गेलं आणि आमचं अख्खं फ्रंट ऑफिस एका ईमेलने घरी बसलं. मी बायकोला, लॉर्नाला, सांगितलं नाही. रोज सकाळी टाय बांधून, डबा घेऊन निघायचो आणि तळ्याकाठच्या बागेत जाऊन बसायचो. बावीस दिवस! तेविसाव्या दिवशी इस्माईलभाई तिथे चालायला आले. माझ्या टायकडे, डब्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. "यल्ला, गाडीत बस," एवढंच.

गाडी त्यांनी अजमानच्या समुद्रावर नेली आणि गाणं लावलं. मला एक अक्षर समजत नव्हतं. पण तो गाणारा असा गात होता, जणू माझ्याच टायची गाठ त्याच्या गळ्यात अडकली आहे. मी हुंदके देऊन रडलो. इस्माईलभाई समोर पाण्याकडे बघत राहिले. गाणं संपल्यावर म्हणाले, "डॉम्निक, आता घरी जा आणि लॉर्नाला सांग. लपून बसलेल्या माणसावर गाणं नाही होत. उभ्या असलेल्यावर होतं."

मी सांगितलं. लॉर्ना दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझा बायोडेटा नव्याने टाइप करायला घेतला. पाच महिन्यांनी मला काम मिळालं, पहिल्यापेक्षा लहान हॉटेलात, पण मिळालं. तोवर रोज संध्याकाळी मी चौथ्या मजल्यावर ती वही घेऊन शिकत होतो. माझे उच्चार ऐकून त्यांची बायको, फातिमाभाभी, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अरे, त्या जपान्यांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

मग चार वर्षांपूर्वी इस्माईलभाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच आवाज यायचा, 'त... त...' पाणी मागता येईना, नातीला हाक मारता येईना. एवढा मोठा क्रेनवाला, पण भाभीच्या नावासाठी धडपडताना उशीवर मूठ आपटायचा. एक दिवस मला काही सुचेना, म्हणून मी त्यांच्या पलंगाशी बसून बंदराचं गाणं धरलं. दुसऱ्या ओळीला चुकलो. आणि पलंगावरून आवाज आला, बारीक, फाटका, पण सुरात... "मिनातो." बंदर! मी थांबलो. ते थांबले नाहीत. अख्खं कडवं गायले. शब्दन् शब्द! दारात भाभी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

स्पीच थेरपिस्टने सांगितलं, असं होतं. गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते, त्या वाटेने बोलणं परत आणता येईल. मग आम्ही लागलो. त्याच चालीवर 'पाणी दे', 'खिडकी उघड', 'फातिमा'. त्यांनी पहिलं सरळ वाक्य बोलायला आठ महिने लागले, आणि ते होतं, "डॉम्निक, तू बेसूर आहेस."

दीड वर्षाने दुबईतल्या जपानी कुटुंबांच्या एका मेळाव्यात, शबानाने कुणाकुणाला विचारून ठरवल्याप्रमाणे, ते काठी टेकत स्टेजवर गेले. समोर शंभरेक जपानी माणसं. दोन कडवी उत्तम झाली. तिसऱ्यात शब्द अडकला. वाजवणारा थांबला. मी खालून ओठ हलवले, तर त्यांनी डाव्या हाताने मला गप्प केलं. त्या शांततेत ते उभे राहिले. घाम आला, पण मान खाली गेली नाही. आणि शब्द आला! त्यांनी शेवटची ओळ अशी उचलली, की पहिल्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उभे राहून कमरेत वाकले. मग सगळा हॉल उभा राहिला. खाली उतरल्यावर इस्माईलभाई मला म्हणाले, "खलास! आता कुणाला घाबरायचं नाय."

त्यानंतर दर शुक्रवारी, जेवणानंतर, चौथ्या मजल्यावर माणसं जमू लागली. नोकरी गेलेला कुणी सेल्समन, घटस्फोट झालेला अकाउंटंट, व्हिसाच्या फेऱ्यात अडकलेला स्वयंपाकी. इस्माईलभाई त्यांना चहा द्यायचे, गाणं शिकवायचे, आणि दुःखाबद्दल एक प्रश्न विचारायचे नाहीत. काम मिळाल्यावरही यातले कितीतरी येत राहिले.

ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी आम्ही पुन्हा जमलो. अकरा जण. भाभींनी चहा ठेवला. सुरुवात कुणी करावी कळेना, शेवटी मीच केली आणि सगळे मागून आले. शबानाची नऊ वर्षांची आलिया सोफ्याच्या हातावर बसून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"नो, अंकल. नाना सँग इट स्लोअर."

आम्ही थांबलो. तिने मांडीवर बोटांनी लय दिली, सावकाश, खणखणीत. आम्ही अकराही जण सरळ बसलो, आणि तिच्या लयीत पहिल्यापासून गायला लागलो.