पाडव्याआधी सोडलेली खोली

अनसिंगच्या शाळेत मी लागले तेव्हा लेक पाच महिन्यांची होती. नवरा जऊळक्याच्या स्टेशनावर नोकरीला, रविवारी तेवढा यायचा. गावात आम्हाला खोली मिळेना. आडनाव सांगितलं की लोकांच्या रिकाम्या खोल्या एकदम भरून जायच्या. शेवटी एका शेतकऱ्यानं दिली. गल्लीनं त्याला बोल लावले, तर दारात उभा राहून म्हणाला, "घर माह्यं हाय. कोनाले द्याचं ते मी पाहीन." पाडवा ते पाडवा राहायचं ठरलं. कागद नाही, नुसता शब्द. पण ती खोली गेली तर लेकीला घेऊन राहायला गावात मला दुसरं छप्पर नव्हतं.

खोली धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. खाली तुळई, वर फळ्या, त्यावर पांढरी माती. दर उन्हाळ्यात नवा थर द्यायचा, गळलं की आणखी एक. आधी जुना खरवडायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खरवडायला दोन दिवस लागतात आणि टाकायला एक दुपार. मालकाच्या बापानं टाकली, मग मालकानं टाकली. हातभर माती आमच्या डोक्यावर होती आणि मालकाला तिचा अभिमान होता.

आषाढात तुळईला टांगलेला लेकीचा पाळणा जमिनीला घासू लागला. मी म्हटलं, दोर ताणला. गाठ मारून दोन बोटं वर घेतला. आठ-दहा दिवसांत पुन्हा घासला, पुन्हा गाठ मारली. शाळेत पोरांना मोजपट्टी शिकवणारी बाई मी, आणि घरी गाठी मारत बसले! तिसऱ्यांदा दोर सोडताना दाराकडे नजर गेली. कडी बसेनाशी झाली होती, वरची चौकट दाराला दाबत होती. पिठाच्या डब्यावर रोज सकाळी मातीचा थर असायचाच. मी पेटीवर चढले आणि तुळईला बोट लावलं. बोट आत गेलं. उधईनं आतलं लाकूड खाऊन टाकलं होतं. लेक खाली पाळण्यात हातपाय हलवत होती. मी उतरून आधी तिला उचललं.

मालकाला बोलावलं. "भाऊ, तुळई खाली येऊन राह्यली."

"दोर ढिला असन, बाई. गळते काय? नाई न? मंग? आनखी एक गाडी माती टाकून देतो."

"माती नोका टाकू! मातीनंच बसून राह्यली ते. आमी उद्या खोली सोडतो."

त्याचा चेहरा पडला. "तुमच्यासाठी म्या गावाचं आयकून घेतलं. पाडव्याच्या आंधी जासान तं लोक काय म्हनतीन?"

राग आला की माझा आवाज ताब्यात राहत नाही. दारात चार माणसं जमली होती, त्यांच्यादेखत मी ओरडले, "हे घर पडते, भाऊ! कोनालेच ठिवू नोका इथं!"

दुसऱ्या दिवशी सामान बैलगाडीत भरलं. मालक धाब्यावर ओली माती तुडवत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. लेक वाशीमला बहिणीकडे ठेवली आणि मी एसटीनं जाऊ-येऊ लागले. भर वर्गात दूध दाटून यायचं, पदर ओला व्हायचा. फळ्याकडे तोंड करून रडलेही.

पोळ्याच्या आठवड्यात, दुपारी, धाबं बसलं. खोलीत कोणी नव्हतं. मालक मात्र वर होता, गळती बुजवत. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला.

दिवाळीनंतर तो कुबडी टेकत शाळेत आला. मी खुर्ची पुढे केली. तो वर्गाच्या दारातच थांबला.

"बाई, तुमी तसं बोलल्या नसत्या तं घर पडलं नसतं."

आवाजात राग नव्हता. गल्ली तेच म्हणायची, बाईची जीभ काळी म्हणून; तिचं मला काही वाटत नव्हतं. पण आडनाव ठाऊक असूनही हा माणूस माझ्या घरचं पाणी प्यायला होता. मी एक पाऊल पुढे टाकलं तसा तो घाईघाईनं मागे सरला.